रिकाम्या वाघिणीची धास्ती

मालगाडी रुळावरून उतरली की लोक म्हणतात, फार माल भरला असेल. यार्डातली माणसं मात्र रिकाम्या गाडीला जास्त बिचकतात. कोळसा वाहणारी बॉक्स-एन वाघीण भरली की ८१ टनांवर जाते, रिकामी असताना जेमतेम साडेबावीस. म्हणजे चाकाला रुळावर दाबून धरणारं वजन जवळजवळ चौथाईवर येतं. वळणावर चाकाला आडवं रेटणारा जोर मात्र त्याच हिशेबात कमी होतोच असं नाही. त्यात एखादी स्प्रिंग तुटलेली असली, किंवा रूळ एका बाजूला बसला असला, तर एखादं चाक क्षणभर हलकं पडतं. तेवढ्यात चाकाची आतली कड, जिला सगळे फ्लँजच म्हणतात, रुळाच्या कुशीला घासत वर चढते, माथ्यावरून थोडी धावते आणि पलीकडे पडते.

इंदूरभोवती मालगाड्यांनी कामं वाटून घेतली आहेत. मांगल्याला तेल, टीहीला पीथमपूरचे कंटेनर, लक्ष्मीबाईनगरला मालधक्का. अशाच एका यार्डात परवानगी काढून मी गाडी तपासणाऱ्यांबरोबर, म्हणजे टीएक्सआरच्या माणसांबरोबर, रात्री उभा होतो. त्यांतले सर्वांत जुने गृहस्थ इंदुरातलेच मराठी. वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारे, आणि दर दोन वाक्यांनी ‘भिया’. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही.

गाडी यार्डात शिरते तेव्हाच अर्धी तपासणी होते. दोन्ही बाजूंना एकेक माणूस चाकांच्या उंचीला डोळे आणून उकिडवा बसतो. मी सवयीने इंजिनाकडे बघत होतो.

“इंजिनाकडे काय बघता, ते जाणारच आहे,” काका म्हणाले. “खाली बघा. आणि भिया, कान मोकळे ठेवा.”

पहिल्या दहा-बारा वाघिणी मला सारख्याच वाटल्या. मग एकीतून ठरावीक अंतराने ठक, ठक आलं. ब्रेक चिकटल्यामुळे चाक न फिरता घसटलं की त्याचा तेवढा भाग सपाट होतो. मालगाडीच्या चाकाला असा सपाटपणा ६० मिलिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. दर फेऱ्याला तो रुळावर घणासारखा बसतो, आणि थंडीच्या पहाटे आखडलेल्या रुळाला तडकायला तेवढं पुरतं. लोंबणारा ब्रेक-बीम डोळ्यांना दिसतो, गरम झालेलं बेअरिंग मात्र नाकाला आधी कळतं, जळक्या ग्रीसच्या वासाने. आता तापमान दाखवणारी पिस्तुलं आली आहेत. काका पिस्तूल रोखायच्या आधी वास घेतात.

गाडी थांबली, दोन्ही टोकांना लाल दिवे लागले, आणि मग प्रत्येक वाघीण पायी. बोगीतल्या स्प्रिंगा, त्यांच्यामधले घर्षणाचे पाचर, कपलर. अधूनमधून हातोडी पडते आणि माणूस कान देतो, बाजारात माठ वाजवून घेतात तसा. सगळ्यांत जास्त वेळ जातो तो मात्र हाताएवढ्या पोलादी गेजवर. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, जोडीच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं १६००, नव्या फ्लँजची जाडी साधारण साडेअठ्ठावीस. वजाबाकी केली तर चाकाला इकडेतिकडे सरकायला १९ मिलिमीटर उरतात. फ्लँज झिजून १६ मिलिमीटरवर आली की तीच जागा ४४ होते. एवढ्या मोकळीकीत चाक वळणावर तिरकं होऊन रुळाला भिडतं, आणि रूळ बदलणाऱ्या सांध्यावर जीभ नीट चिकटलेली नसली तर भलत्याच फटीत शिरतं. म्हणून १६च्या खाली गेलेलं चाक बाद.

शेवटी ब्रेक. इंजिनाकडे नळीत पाच किलोचा दाब, मागे गार्डच्या डब्यात ४.८, आणि मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त गळती नको. हे जुळलं की ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सह्या होतात. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

या कागदाचं मोल घाटात कळतं, आणि इंदूरला घाट जवळच आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले, त्यातून खांडवा-इंदूर मीटरगेज उभी राहिली. १८७६मध्ये मोरटक्क्याला नर्मदेवर पूल झाला. माळव्याची अफू आणि कापूस महूवरून विंध्याच्या कड्याखाली उतरून खांडव्याला जायचा, तिथे हमाल तो ब्रॉडगेजच्या वाघिणींत भरायचे. पाताळपाणी ते कालाकुंड हा उतार चाळीसास एक, वाटेत चार बोगदे. मीटरगेजच्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबाचे नव्हते, निर्वाताचे होते. लांब गाडीत त्यांचा जोर शेपटाकडे उणावत जायचा. म्हणून वरून येणारी गाडी पाताळपाणीला थांबवून ब्रेक बघितल्याशिवाय सोडत नसत, आणि वर चढणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लावत. आज तिथे २०१८च्या नाताळात सुरू झालेली हेरिटेज गाडी धावते आणि खिडक्यांतून लोक धबधब्याचे फोटो काढतात.

घाटात रेल्वे कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि मला तिची हीच गोष्ट आवडते. बोर घाट किंवा थळ घाट उतरताना वाटेत कॅच सायडिंग लागते, डोंगराकडे चढत जाणारी आंधळी लाइन. सांधा एरवी तिच्याकडेच लावलेला. गाडी आधी पूर्ण थांबली, म्हणजेच ब्रेक शाबूत आहेत हे तिने दाखवलं, तरच पुढची वाट मिळते. न थांबलेली गाडी चढावर जाऊन दमते. सपाटीच्या स्टेशनांतही बाजूच्या लाइनीच्या तोंडाशी असा सांधा असतो की चुकून घरंगळलेली वाघीण तिथल्या तिथे मातीत उतरावी, मुख्य मार्गावर जाऊ नये. मोठा अपघात टाळायला छोटा अपघात आधीच बांधून ठेवलेला.

अपघात म्हटलं की इंदूरच्या माणसाला २० नोव्हेंबर २०१६ आठवतो. इथून सुटलेली पाटणा एक्स्प्रेस कानपूरजवळ पुखरायांला रुळावरून उतरली, सुमारे दीडशे माणसं गेली. मालगाडीची बातमी मात्र दुसऱ्याच दिवशी जुनी होते. इंदूर ज्यात येतं त्या रतलाम मंडळातच १७-१८ जुलै २०२२च्या रात्री दाहोदजवळ मंगल महुडीला १६ वाघिणी उतरल्या आणि दिल्ली-मुंबई मार्ग दोन्ही बाजूंनी बंद झाला. ३ ऑक्टोबर २०२४ला रतलामजवळ तेलाच्या तीन टाक्या उतरल्या.

अशा ठिकाणी १४० टनी क्रेन येते, हायड्रॉलिक जॅक येतात. त्याआधी किंवा त्याबरोबरच रुळाचा माथा वाचला जातो. चाक चढलं ती जागा आणि पडलं ती जागा, दोन्हींवर खूण. मधला ओरखडा लांब असेल तर चाक सावकाश चढलेलं असतं. ओरखडाच नसेल तर काहीतरी एकदम घडलेलं, धक्का बसला किंवा अडथळा आला. खुणेपासून मागे रूळ मोजत जातात. रुळाचे इंजिनिअर, वाघिणींचे, इंजिनाचे, वाहतुकीचे, सगळे एकाच कागदावर सह्या करतात, आणि त्या कागदावर कधी कधी दोन मतं असतात. रूळवाला म्हणतो चाक झिजलेलं, वाघीणवाला म्हणतो रूळ बसलेला. बहुधा दोन्ही खरं असतं. एकेकटा दोष चालून गेला असता.

२ सप्टेंबर २०२४ला मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड मार्ग मंजूर केला: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. त्यावरून वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख टन जादा माल जाईल, असा सरकारचा अंदाज आहे. महूपाशी विंध्य पुन्हा उतरायचाच आहे.

त्या रात्री काकांनी एका फ्लँजला गेज लावलं, उजेड पाडून मागून पाहिलं, पुन्हा लावलं आणि वाघिणीवर खडूने ‘सिक’ लिहिलं. कंट्रोलचा फोन आला. काका नुसतं “हो साहेब, नापास आहे” म्हणत राहिले. वाघीण कापायला पाऊण तास गेला, गाडी एक वाघीण कमी घेऊन निघाली. चाकाचं आता काय, मी विचारलं. लेथवर घासून आकार परत आणतात, ते म्हणाले. नवं असताना व्यास १००० मिलिमीटर, ९०६पर्यंत चालतं. “याच्यात अजून दोनेक घासण्या निघतील, भिया.”