चाळींतील पाणीगळती

चाळींतील पाणीगळती म्हणजे मोरी, सामाईक शौचालय, नळ किंवा छप्पर यांतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे चाळीच्या भिंती, छत व सांगाडा यांची होणारी हानी होय. मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील जुन्या चाळींत ही समस्या आढळते.

स्वरूप

अनेक जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी असतो. तुळयांची टोके भिंतीत रुतलेली असल्याने तेथील ओल लवकर सुकत नाही. परिणामी लाकूड आतून कुजते व त्याला वाळवी लागते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी काँक्रीटच्या आहेत. काँक्रीटमध्ये पाणी मुरल्यास सळया गंजून फुगतात आणि छताचे पोपडे सुटतात.

दुरुस्ती

ओल्या भिंतीतील वीजजोडणी प्रथम बंद करतात. त्यानंतर गळतीचा उगम शोधला जातो. तो बहुधा डागाच्या नेमका वर नसतो, कारण पाणी तुळईच्या कडेने दूरवर वाहत जाते. सुटलेला गिलावा काढून तुळयांची टोके तपासतात आणि टेकू देऊनच कुजलेला भाग बदलतात. भिंत पूर्ण सुकण्यापूर्वी गिलावा किंवा रंग केल्यास ओल आत कोंडते व धोका झाकला जातो.

प्रशासकीय व्यवस्था

मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते. पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते.