विकिरणोपचाराची वाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर विकिरणोपचार, म्हणजे उच्च ऊर्जेच्या किरणांनी गाठीतील पेशी नष्ट करणारा उपचार, घ्यावा लागतो. तरीही डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही शाखा फारशी ठाऊक नसते, आणि जी काही माहिती असते तीही बहुधा ऐकीव असते.

सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे विकिरणोपचारतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकच. सीटी, एमआरआय यांसारख्या प्रतिमांवरून प्रामुख्याने निदान करतो तो रेडिओलॉजिस्ट; विकिरणोपचारतज्ज्ञ रुग्णाला तपासतो, कोणत्या भागाला किती ग्रे (ऊतींनी शोषलेल्या विकिरणाचे एकक) इतकी मात्रा किती हप्त्यांत द्यायची हे ठरवतो आणि उपचारानंतरही वर्षानुवर्षे त्या रुग्णाचा पाठपुरावा करतो. दोन्ही शाखांचे एम.डी. अभ्यासक्रम वेगळे आहेत. या शाखेत हातांना काम नसते, हा समजही खरा नाही, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोत्सर्गी इरिडियम-192 थेट गाठीजवळ नेणाऱ्या ब्रॅकीथेरपीसाठी नळ्या नेमक्या जागी बसवाव्या लागतात आणि ते कौशल्य शस्त्रक्रियागृहातच कमवावे लागते.

लवकर नियोजन म्हणजे बारावीनंतरच शाखा पक्की करणे, ही समजूत मात्र अधिक बारकाईने तपासण्यासारखी आहे. भारतात वाट नीट-यूजी, साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची आंतरवासिता, नीट-पीजी आणि मग तीन वर्षांचे एम.डी. किंवा डीएनबी अशी जाते. म्हणजे शाखेची निवड प्रत्यक्षात एमबीबीएसनंतरच होते आणि तीही गुणक्रमावर अवलंबून असते. वैद्यकीय आणि शल्य कर्करोगशास्त्राकडे जाण्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर आणखी तीन वर्षांचे अतिविशेष शिक्षण घ्यावे लागते, येथे एम.डी.नंतरच तज्ज्ञ म्हणून काम सुरू करता येते. हा फरक घरच्या आर्थिक गणितात छोटा नसतो, पण तो क्वचितच लक्षात घेतला जातो.

अकरावीत करण्याजोगे नियोजन वेगळेच आहे. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पुरते. मात्र गणितही ठेवले, तर वैद्यकीय भौतिकशास्त्राची वाट खुली राहते. यंत्राची मात्रा मोजणारा आणि डॉक्टरने आखलेल्या भागासाठी संगणकावर किरणांची योजना तयार करणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ एमबीबीएस नसतो, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील पदविकेसारखे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. रोजचा उपचार देणारे तंत्रज्ञ हा तिसरा स्वतंत्र व्यवसाय आहे. नीटमध्ये अपयश आले की हे क्षेत्रच संपले, असे मानणाऱ्यांना या दोन वाटा बहुधा कोणी सांगितलेल्याच नसतात.

किरणांच्या भीतीने, विशेषतः मुलींना, या शाखेपासून परावृत्त केले जाते. रेखीय त्वरक या आजच्या प्रमुख यंत्रातून वीजप्रवाह चालू असेपर्यंतच क्ष-किरण निघतात, आणि उपचारावेळी खोलीत रुग्णाखेरीज कोणी नसते. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीरावरील परिणाम मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली असून ती पाळली जाते की नाही हे छातीवरच्या टीएलडी बिल्ल्यावरून तपासले जाते. तुलनेसाठी, निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतात. गर्भवती कर्मचारी महिलेने कळवल्यानंतर उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट इतकी खाली येते. बाहेरून किरण घेतलेला रुग्णही किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे त्याला नातवंडांपासून दूर ठेवण्याचे कारण नसते.

एक शंका मात्र गैरसमज म्हणून झटकता येत नाही, ती स्वतंत्र व्यवसायाची. कोट्यवधींचे यंत्र, जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली आणि नियामक मंडळाची परवानगी लागत असल्याने तालुक्याच्या गावी आपल्या नावाची पाटी लावून बसणे या तज्ज्ञाला जवळजवळ अशक्यच असते. काम करायचे ते संस्थेत, आणि यंत्र असेल त्या शहरात. ज्याला गावातच दवाखाना चालवायचा आहे, त्याने ही अट नीट-पीजीचे पसंतीक्रम भरण्याआधी लक्षात घ्यावी.