आकडे ॲपवर, शेअर कुठे?
शेअर-खरेदीचं ॲप कितीही चकाचक असलं तरी आधी ब्रोकरची नोंदणी तपासावी. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरचा क्रमांक 'आयएनझेड' या अक्षरांनी सुरू होतो. ॲपवर तो छापलेला दिसला म्हणून हुरळून जाऊ नये; भामटे खऱ्या कंपनीचा क्रमांक बिनदिक्कत उचलतात. सेबीच्या संकेतस्थळावर तो शोधून तिथला पत्ता आणि ईमेल ताडून पाहावा.

पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे त्याहून बोलकं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे 'सर' दर वेळी नवं खातं देत असतील आणि ते कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं असेल, तर तिथेच थांबावं.

बनावट ॲपवर नफा भराभर फुगतो. सुरुवातीला दोन-चार हजार काढूही देतात, ती पेरणी. मोठी रक्कम मागितली की 'आधी कर भरा' असं उत्तर येतं. खरा ब्रोकर तुमचेच पैसे देण्यासाठी आगाऊ कर मागत नाही. शिवाय शेअर खरोखर घेतले असतील तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीकडच्या डिमॅट खात्यात दिसतात. ब्रोकरचं ॲप बाजूला ठेवून तिथे थेट लॉगिन करता येतं. माझ्या मते ही एक तपासणी शंभर फाइव्ह-स्टार रिव्ह्यूंना भारी आहे.

ब्रोकर अस्सल असला म्हणून नफा होईलच असं नाही, ही गोष्ट वेगळी. सेबीच्या २०२३च्या अभ्यासानुसार २०२१-२२मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधले दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

फसलात, तर लाजत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.