रामदरबाराचा आणा कंपनीचा नव्हे

जळगाव-धुळ्याकडे जुन्या पेटीत एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, 1818' असं कोरलेलं तांब्याचं नाणं निघालं, की त्याचे लाखो रुपये येतात हे कितीदा ऐकायचं? ते चलनी नाणं नाहीच. खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांकडे 1818 मध्ये गेला, त्यामुळे ते साल इथं चटकन खरं वाटतं. पण हाच रामदरबार 1616 आणि 1717 ही सालं घालूनही मिळतो. 1616 मध्ये कंपनी सुरतेच्या वखारीत नुसता व्यापार करत होती. मुंबई बेटसुद्धा तिच्या हाती आलं ते 1668 मध्ये. शिवाय एक आण्याचं नाणं इंग्रज सरकारनं प्रथम काढलं ते 1907 सालचं, नागमोडी कडेचं आणि तांबं-निकेलचं. पेटीतली ती चकती पूजेतल्या रामटंक्यांच्या धर्तीवर मागाहून घडवलेली आहे. 'आमच्या घरात तीन पिढ्या आहे,' हा पुरावा पुरत नाही, कारण तीन पिढ्या मागं गेलं तरी 1818 फार दूर राहतं. देव्हाऱ्यात ती जरूर असावी. बाजारात मात्र तिला कंपनीच्या नाण्याची किंमत नाही.

या गैरसमजाचं मूळ 'जितकं जुनं तितकं महाग' या समजुतीत आहे. 1862 साल असलेले राणी व्हिक्टोरियाचे रुपये पुढं कित्येक वर्षं त्याच सालानं पाडले गेले, म्हणून ते आजही सहज मिळतात. त्याहून 77 वर्षांनी धाकटा 1939 चा रुपया मात्र दुर्मीळ, म्हणून खूप महाग. किंमत ठरते ती किती नाणी उरली, ठसा किती शाबूत आहे आणि घेणारे किती आहेत यावर. जाहिरातीत लाखांचे आकडे असतात, हे खरं. पण तो मागितलेला भाव, झालेला सौदा नव्हे. 'आधी कमिशन भरा' म्हणणारा तर सरळ लुबाडतो. आपल्या नावानं असं शुल्क मागितलं जातं, त्याला फसू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता.

अशाच आणखी काही समजुती. तांदूळ ओढणारं नाणं? तांबं तांदळाला ओढत नाही. ओढलेलं दाखवलं तर ती हातचलाखी आहे. 2012 चं वैष्णोदेवीचं नाणं दुर्मीळ नाही. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं नाणं महाग होत नाही, उलट संग्राहकाच्या लेखी उतरतं. आणि शेतात नांगराला नाण्यांचं मडकं लागलं, तर ते आपोआप शेतमालकाचं होत नाही: 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.