जुन्या मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडताना

आरोंद्याच्या शेतात मोठा ट्रॅक्टर उतरवून फायदा नाही. तेरेखोल खाडीच्या अंगाला कुणगे म्हणजे भातखाचरं लहान, मेरा म्हणजे बांध अरुंद. बागेत शिरायचं तर दोन माडांमधून, पोफळींना धक्का न लावता, आणि वळायचं ते गडग्याला मागचं चाक न घासता. त्यामुळे आमच्याकडे आधी पॉवर टिलर रुजला, मग अठरा-वीस अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर आले. त्यातले बरेच आता जुने झालेत. इंजिन ठणठणीत, टायर गुळगुळीत, मागे वर्षानुवर्षं तोच कल्टिव्हेटर. कल्टिव्हेटर माती फाडतो, पण ढेकळं तशीच राहतात. भात कापल्यावर ओल उडायच्या आत कुळीथ, चवळी पेरायची असेल तर माती एका फेरीत भुसभुशीत व्हायला हवी, आणि ते काम रोटाव्हेटरचं. आमच्याकडे त्याला नुसतं रोटर म्हणतात.

मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन गावी आल्यापासून अशा जोडण्या करून देतो. लोक रोटाव्हेटर आधी विकत आणतात आणि मग मला हाक मारतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी ट्रॅक्टरची मापं काढा, ती कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा.

हे यंत्र निघालं ऑस्ट्रेलियात. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने 1912 साली न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे, वडिलांच्या शेतावर, वाफेच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या जोरावर फिरणारी पाती मातीत घालून पाहिली. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडायची. मग त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती केली आणि ती लहान व्यासाच्या फिरत्या दांड्यावर, चकत्यांवर बसवली. आजही आपल्या रोटरखाली वाकून पाहिलं की तीच एल पाती दिसतात. दुसरी मोठी सोय हॅरी फर्ग्युसनच्या प्रयत्नांतून आली. खालचे दोन हात आणि वरचा एक, अशा तीन ठिकाणी अवजार पकडायचं आणि हायड्रॉलिकने उचलायचं. ही जोडणी पुढे जगभर रूढ झाली म्हणूनच एका कंपनीचं अवजार दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसू शकतं.

बसू शकतं, पण मापं जुळली तर. शेजारचा मुलगा मध्यंतरी विचारायला आला, ‘‘काका, आमच्या जुन्या गाडयेक रोटर बसतलो काय?’’ मी म्हटलं, ‘‘बसतलो, पण आधी टेप घेवन ये.’’ अंगणात ट्रॅक्टर सपाट जागी उभा केला. पहिलं माप मागच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं. रोटर त्याहून अरुंद असेल तर चाकाखाली दबलेली माती तशीच उरते. अठरा अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण तीन फुटांचा रोटर पेलतो, त्याहून रुंद घेतला की इंजिन गुदमरतं. तेव्हा टायर रुंद आणि ताकद कमी असा पेच आला तर रोटर थोडा उजवीकडे सरकवून बसवायचा. निदान एका चाकाचा ठसा पुसला जातो, दुसरा पुढच्या फेरीत जातो. शिवाय झाडाच्या जवळची पट्टी गाठता येते, बागायतदाराला ते सोयीचंच. दुसरं माप पिनांचं. नेहमीच्या श्रेणी एकच्या जोडणीत खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या आणि वरची 19 मिलिमीटरची. अगदी छोट्या ट्रॅक्टरना याहून बारीक पिना असतात. भोक मोठं आणि पिन बारीक असेल तर बुश घालावा. वायर गुंडाळून किंवा पत्र्याची पट्टी ठोकून भागवू नये.

खरी कसरत पीटीओ शाफ्टची. ट्रॅक्टरच्या पाठीमागून निघणारा, सहा खाचांचा, साधारण 35 मिलिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो. ही नेहमीची पद्धत. काही जुन्या मिनी ट्रॅक्टरना याचे दोन-तीन वेग असतात. कुठल्या खटक्यावर 540च्या जवळचा वेग मिळतो ते मीटर लावून पाहावं आणि त्या जागी रंगाची खूण करावी. जास्त वेगाच्या खटक्यावर रोटर चालवला तर गिअर बॉक्स आणि चेन केस फार दिवस टिकणार नाहीत.

हा दांडा रोटरला जोडणारा नवा शाफ्ट लहान ट्रॅक्टरला बहुधा लांबच पडतो. रोटर तिन्ही ठिकाणी जोडून लिफ्टने हळूहळू वर-खाली करावा. ट्रॅक्टरचा दांडा आणि रोटरचा दांडा एका पातळीत आले की दोघांमधलं अंतर सर्वांत कमी होतं. त्या जागी लिफ्ट थांबवायची, इंजिन बंद करायचं, शाफ्टचे दोन्ही अर्धे वेगळे करून शेजारी शेजारी धरायचे आणि खडूने खूण करायची. एकात एक जाणाऱ्या नळ्या तिथेही आतून टेकता कामा नयेत, किमान इंचभर मोकळीक हवी. टेकल्या तर शाफ्ट ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर सरळ दाब देतो आणि जुनं बेअरिंग तो सोसत नाही. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची, आणि तेवढंच वरचं प्लॅस्टिकचं आवरण. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करून ग्रीस लावायचं. मग रोटर पूर्ण खाली सोडून पाहायचं. नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी राहायला हव्यात. जोडताना दोन्ही टोकांच्या नळीकडच्या काट्यांची तोंडं एका रेषेत यावीत, नाहीतर शाफ्ट सरळ असूनही थडथडतो आणि काट्यांमधले क्रॉस तुटतात.

ते प्लॅस्टिकचं आवरण काही जण अडचण म्हणून काढून टाकतात. मला हे पाहवत नाही. 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल, लुंगीचा सोगा किंवा ओढणी त्यात सापडली तर माणसाला ओरडायलाही अवधी मिळत नाही. आवरण फुटलं तर नवं आणा, आणि ते येईपर्यंत रोटर चालवू नका.

अश्वशक्ती सगळे विचारतात, क्लचबद्दल कोणी विचारत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच बहुधा एकेरी असतो. पायडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही इंजिनापासून सुटतात, पण एकमेकांपासून सुटत नाहीत. मेरेजवळ रोटर उचलून क्लच दाबला तरी फिरत्या रोटरचं वजन गिअर बॉक्समधून चाकांना ढकलत राहतं आणि ट्रॅक्टर दोन पावलं पुढे जातो. आमच्या कुणग्यात दोन पावलांवर मेर असते, तिच्यापलीकडे व्हाळ. यावर उपाय स्वस्त आहे. पीटीओच्या तोंडावर एकाच दिशेने जोर पोचवणारा जोड बसवायचा. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तो रोटरला मोकळा फिरू देतो, पण त्याचा जोर मागे येऊ देत नाही. त्याने लांबी वाढते, म्हणून हा जोड बसवल्यावरच शाफ्टचं माप घ्यावं.

पहिला गिअर किती हळू चालतो हेही पाहा. समजा रोटर मिनिटाला 200 फेरे घेतोय आणि प्रत्येक चकतीवर एका बाजूला वळलेली तीन पाती आहेत. म्हणजे मिनिटाला 600 घाव. ट्रॅक्टर ताशी 3 किलोमीटरने गेला तर दर घावाला आठ सेंटिमीटरहून जाड ढेकूळ निघतं, दीड किलोमीटरने गेला तर चार. माती बारीक हवी असेल तर ट्रॅक्टर हळू हवा, आणि वेग कमी करायला इंजिन मंद केलं तर रोटरही मंदावतो. ज्या ट्रॅक्टरचा पहिला गिअरच धावरा आहे, त्याच्यावर रोटरसाठी पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगतो.

खाजणातल्या चिकट मातीत चिखलणी करताना रबरी टायर घसरतात, तिथे लोखंडी चाकं लावावी लागतात. भाताला तळाची माती घट्ट झालेली चालते, पाणी टिकतं. बागेत तोच थर मुळांना नडतो. एकाच खोलीवर दर वर्षी रोटर फिरवला की वितीखाली कडक तळ धरतो, म्हणून अधूनमधून कल्टिव्हेटरही घालावा. माडाची मुळं वरच्या थरात चौफेर पसरलेली असतात. बुंध्यापासून साधारण दोन मीटरचं आळं रोटरपासून राखून ठेवावं, तिथे कुदळच बरी. जांभ्याचे दगड वेचल्याशिवाय तर रोटर उतरवूच नये.

आमच्या भागात पात्यांच्या आधी सील जातं. खाडीकाठच्या मातीत नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे असतात, बागेत सोडणांचा काथ्या. दोन्ही रोटरच्या टोकाला गुंडाळले जातात, आत सरकत सील कापतात, चेन केसमधलं तेल गळून जातं आणि वरून काहीच दिसत नाही. काम संपलं की इंजिन बंद करून, रोटरखाली ठोकळा लावून, ते धागे सुरीने कापून काढावेत. खारी माती गोड्या पाण्याने धुवावी आणि दांड्याच्या खाचांवर ग्रीस चोपडावं, नाहीतर खाऱ्या हवेत शाफ्ट पावसाळ्याअखेर जागेवरच धरतो आणि मग हातोड्याशिवाय निघत नाही.