शंभर महिन्यांचं भाडं

मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या चाळीचे भाडेकरू स्वतःच ती चाळ विकत घेऊ शकतात, अशी तरतूद म्हाडा कायद्यात 1986पासून आहे. ते या कायद्याचं ‘आठ-अ’ प्रकरण. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढून अर्ज करायचा, सरकारने इमारत संपादित करून संस्थेला द्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळायचा. दुरुस्ती मग संस्थेची. भाडी गोठलेलीच असल्यामुळे गिरणी कामगाराच्या घरालाही ही रक्कम पेलणारी होती.

यामागे दुरुस्ती मंडळाचा अनुभव होता. मिळणाऱ्या भाड्यात मालक डागडुजी करेनात, इमारती कोसळू लागल्या. या प्रश्नावरच्या बेडेकर समितीनंतर 1969चा दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि रहिवाशांवर उपकर बसवून 19,642 इमारतींची दुरुस्ती सरकारने अंगावर घेतली. मंडळाने टेकू लावले, तुळया बदलल्या, संक्रमण शिबिरं बांधली. तरी भाडेकरू भाडेकरूच राहिला. घर आपलं नसेल तर माणूस त्यात पैसा घालत नाही, हे ‘आठ-अ’ने ओळखलं.

मालक न्यायालयात गेले. शंभर महिन्यांचं भाडं ही मुंबईच्या जमिनीची किंमत नव्हे, ही त्यांची तक्रार खोटी नाही. त्याच खटल्यात 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचं भौतिक साधन ठरत नाही, असा निर्णय दिला.

पण उपकराची हद्द माहीम-शीवला संपते. शहाड, कल्याण, ठाण्यात दुरुस्ती मंडळ नाही, ‘आठ-अ’ प्रकरणही लागू नाही. इथे पावसाळ्याआधी पालिकेची यादी येते, दारावर ‘अतिधोकादायक’ची नोटीस लागते. ताबा सोडला की हक्क जाईल, या भीतीने लोक हलत नाहीत. जुलै 2015मध्ये ठाकुर्लीत एक इमारत पडली, नऊ जण गेले. धोकादायक यादीत ती होतीच.

मालकाला रास्त मोबदला आणि भाडेकरूला खरेदीसाठी स्वस्त कर्ज, अशी तरतूद ठाणे जिल्ह्यासाठी सरकारने करायलाच हवी. तोवर जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी एकत्र यावं, भाडेपावत्या जपाव्यात आणि घर रिकामं करण्याआधी आपल्या क्षेत्रफळाची नोंद पालिकेकडून लेखी मागून घ्यावी.