उतरणाऱ्याचा पहिला पाय

मशीद बंदर मागे पडतं आणि डब्यात चुळबुळ सुरू होते. बाकांवरचे उठतात, रॅकवरच्या बॅगा खाली येतात, दारात दाटी होते. सकाळचे नऊ वाजून गेलेत. सीएसएमटीचा फलाट लागलाय, गाडी अजून चालतेच आहे. अंदाजे ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या थोडं वर. मी मधला दांडा धरून उभा आहे. उडी मारणाऱ्यांतला मी नाही, बघणाऱ्यांतला.

शेजारचे काका मात्र जुने खेळाडू दिसतात. दाणे खाताखाता त्यांच्या बोटांतून एक टरफल निसटतं आणि त्यांच्याच बुटावर पडतं. गाडी पुढे सरकली म्हणून ते मागच्याच्या पायावर जात नाही. बोटांत होतं तेव्हा गाडीच्या वेगानं चाललं होतं, सुटल्यावरही तसंच चालत राहतं. गॅलिलिओनं १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीतले टपकणारे थेंब दाखवून हेच समजावलं होतं. त्याला लोकल मिळाली असती तर दाण्यांवर भागलं असतं.

काका म्हणजे त्या टरफलासारखेच. त्यांनी दार सोडलं तरी गाडीचा वेग त्यांना सोडणार नाही.

ते उतरतात. तोंड गाडीच्या दिशेला, पाठ किंचित मागे रेललेली. पुढे झेप नाही. उलट अंग मागे टाकत पाय खाली ठेवतात. तेवढ्यानं गाडीचा थोडा वेग वजा होतो. उरलेला ते चार-पाच पावलं पळून फलाटाला हप्त्यांनी फेडतात. नुसत्या गणिताला विचारलं तर ते म्हणेल, मागेच उडी मार. वेग निम्मा झाला तर अंगातली ऊर्जा चौथाईवर येते. पण तोंडही मागे वळवलं तर उरलेला वेग फेडायला उलटं पळावं लागेल, आणि आपले गुडघे त्यासाठी घडलेले नाहीत. इथे एक बरं आहे, बाहेरची वाटही गाडी जाते त्याच बाजूला. मधल्या स्टेशनांत जिना मागे राहिला की माणूस पाय टाकतानाच वळतो.

माझ्यासमोर कॉलेजातला एक मुलगा तेच करतो. मित्र आत राहिलाय, त्याला हाक मारायला तो मागे वळून उतरतो. उजवा पाय फलाटावर टेकतो आणि तिथेच थांबतो. कमरेच्या वरचा मुलगा मात्र अजून गाडीच्या वेगात आहे. तो पाठीवर आदळतो, घसरतो, पाठीवरची सॅक मध्ये येते म्हणून डोकं वाचतं. दारातून "अरे, अरे" होईपर्यंत आमचा डबा पुढे निघून गेलेला असतो.

ब्रेक लागत असतो तोवर आम्ही सगळे नकळत मागे रेललेले. गाडी पूर्ण थांबते, पुढची ओढ एकदम नाहीशी होते आणि अख्खी रांग मागच्यावर कलते. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत.

मी उतरून मागे चालत जातो. मुलगा बसलाय, तळहात सोललेत, कुणीतरी पाण्याची बाटली धरलीये. त्याची एक चप्पल चार पावलं मागे पडलेली आहे, पाय थांबला होता बरोबर तिथे. काका केव्हाच गर्दीत दिसेनासे झालेत. मित्र धापा टाकत येतो, चप्पल उचलतो आणि त्याच्या पायाशी ठेवतो.